आडवी शिडी

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःचा अर्ज स्वतःच नामंजूर करून पाहावा. त्याशिवाय सरकारी नोकरी म्हणजे काय ते कळत नाही. मी हे केलेले आहे, आणि तेही अगदी खेदपूर्वक, तशा शब्दांत. पण ते पुढचे झाले. सुरुवात परिपत्रकापासून करायला हवी, कारण आमच्या खात्यात माणूस जन्मला तरी तो परिपत्रकाशिवाय जन्मल्याचे धरत नाहीत.

मी पाणीपुरवठा खात्यात टाकी निरीक्षक आहे. आमच्या वस्तीच्या टोकाला सहा खांबांवर उभी असलेली ती उंच गोल टाकी माझ्या अखत्यारीत येते. तिला जमिनीपासून माथ्यापर्यंत एक सरळसोट लोखंडी शिडी आहे. पायऱ्या अडुसष्ट. दर सहा महिन्यांनी त्या शिडीने वर जायचे, टाकीत डोकवायचे आणि अहवाल लिहायचा, हे माझे काम. बावीस वर्षे मी अहवाल लिहितो आहे. माझे अक्षर वळणदार आहे. अहवाल वेळेवर जातात. त्यांच्यावर वरून कधी एका ओळीचा शेरा आला नाही. फक्त एकच गोष्ट करायची राहून गेली होती, ती म्हणजे चढणे.

पहिल्या वर्षी वारा होता. दुसऱ्या वर्षी गुडघा होता. तिसऱ्या वर्षी वाराही नव्हता आणि गुडघाही नव्हता, पण तोवर सवय झाली होती. शिवाय टाकीत पाणी असणार, हे सांगायला वर कशाला जायला हवे?

मग नवे साहेब आले. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात टेबलाची दिशा बदलतो आणि दुसऱ्या आठवड्यात माणसांची. यांनी टेबल तसेच ठेवले आणि थेट परिपत्रक काढले: 'सर्व टाकी निरीक्षकांनी येत्या पंधरा तारखेला निम्नस्वाक्षरीकारांसमक्ष टाकीवर चढून दाखवावे. जे चढू शकणार नाहीत त्यांना तक्रार खिडकीवर वर्ग करण्यात येईल.' सर्व टाकी निरीक्षक म्हणजे मी एकटा. पंधरा तारखेला सहा आठवडे उरले होते.

तक्रार खिडकीविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. तिथे सकाळी दहापासून पाचपर्यंत पाणी न आलेली माणसे येतात आणि ज्याच्यामुळे पाणी आले नाही तो आपणच, अशा समजुतीने बोलतात. तिथे आधी असलेला गृहस्थ आता घरी पाहुणे आले तरी "रांगेत या" म्हणतो. माझी नोकरीची सहा वर्षे बाकी होती. सहा वर्षे त्या खिडकीत, आणि समोर रांगेत आमच्याच इमारतीतली माणसे!

पण याहून वाईट गोष्ट घरात होती. बावीस वर्षे मी घरी टाकीच्या गोष्टी सांगत आलो होतो. वर वारा कसा सुटतो, खालची माणसे कशी मुंगीएवढी दिसतात, एकदा घार कशी कानाजवळून गेली. ती घार तर मी चांगली रंगवली होती. चारचौघांत बायको अभिमानाने म्हणायची, "यांना उंचीचं काही वाटत नाही." आता पंधरा तारखेला सगळी वस्ती जमणार, आणि मी तिसऱ्या पायरीवर शिडीला मिठी मारून उभा राहणार, हे मला दिसत होते. नोकरीपेक्षा मला त्या मिठीची जास्त भीती वाटत होती.

परिपत्रक वाचून बायको म्हणाली, "मग चढा की! तुम्हाला काय नवीन आहे?"

मी म्हणालो, "वय झालं आता. जरा तयारी केलेली बरी."

एवढे वाक्य पुरले. तिसऱ्या मजल्यावर शिलाईवाल्या काकू राहतात. इमारतीतल्या प्रत्येकाच्या कमरेचे माप त्यांच्याकडे तारखेसह लिहिलेले आहे. त्यांच्या दारावर एक कार्ड चिकटवलेले होते: 'व्यायाम प्रशिक्षण. एका वेळी एकच व्यक्ती. घरी येऊन, संपूर्ण लक्ष.' संध्याकाळी बायकोने फोन केला आणि सकाळी साडेसहाला बेल वाजली.

दारात तिशीची एक मुलगी उभी होती. पाठीवर पिशवी, हातात रबरी पट्टे आणि तोंडभर हसू. सकाळी साडेसहाला इतके हसणारे माणूस मी आमच्या इमारतीत प्रथमच पाहिले.

"काका म्हणू की सर?" तिने विचारले.

"सर चालेल," मी पोट आत घेत म्हणालो.

"मस्त! या सर, या खुर्चीत बसा आणि हात न टेकता उठा."

मी बसलो. उठायचे मात्र जमेना. दोनदा झोके घेतले, तिसऱ्यांदा खुर्चीसकट उठलो. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "शाब्बास काका! बसणं तर एकदम फर्स्ट क्लास आहे तुमचं. आता फक्त उठण्यावर काम करायचं."

सरचा काका होण्याला चार मिनिटे लागली. पण मला राग आला नाही, कारण त्या 'शाब्बास'ने मी गारद झालो होतो. विचार करा, मला शेवटचे 'शाब्बास' कोणी म्हटले होते? शाळेत एकदा, तेही मागच्या बाकावरच्याला होते. खात्यात चूक झाली तर मेमो मिळतो, चूक झाली नाही तर काहीच मिळत नाही. आणि इथे ही मुलगी मी श्वास घेतला तरी म्हणत होती, "वा, काय छान श्वास घेताय!" बावन्न वर्षे श्वास घेतोय, पण त्यात आपले काही कौशल्य आहे हे मला माहीतच नव्हते. त्या दिवशी ऑफिसला जाताना मी रस्ताभर छान श्वास घेत होतो.

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "काका, चढायचं म्हणता, पण अडचण नेमकी कुठे आहे? पाय, दम, की हात?"

बायको भाजी आणायला खाली गेली होती. मी दार लोटले, खिडकी लावली आणि बावीस वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली. म्हणालो, "मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर उभा राहून दिवा बदलतानाही मी डोळे मिटतो. आणि टाकीवर मी एकदाही चढलेलो नाही."

मला वाटले, आता तरी हिचे हसू मावळेल. ती म्हणाली, "काका, हे तुम्ही सांगितलंत ना, हेच फार मोठं काम झालं. आता शिडी आणू या. पण उभी नको. आडवी."

मला रडू येईल असे वाटले, म्हणून मी पाणी प्यायला आत गेलो.

आडवी शिडी म्हणजे अक्षरशः आडवी. एका रंगाऱ्याकडून आम्ही त्याची लांब शिडी मागून आणली आणि घरात जमिनीवर झोपवली. स्वयंपाकघराच्या दारापासून निघून ती हॉल ओलांडून गॅलरीपर्यंत पोचली. मी तिच्यावर हात-पाय टेकून चालायचे. एक हात, एक पाय, दुसरा हात, दुसरा पाय. खाली फरशी, फरशीवर चटई, आणि पडलोच तर पडायला अंतर अर्धी वीत. ट्रेनर माझ्याबरोबर गुडघ्यांवर सरकत म्हणायची, "सुंदर! आता तुम्ही दहाव्या पायरीवर आहात. वारा आला. घाबरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने शिडीच्या एका टोकाखाली दोन जाड शब्दकोश ठेवले. तिसऱ्या दिवशी पाट, मग स्टूल, मग टीपॉय. रोज चार बोटे. "भीतीला कळू द्यायचं नाही," ती म्हणायची. मला हे इतके पटले की खात्यातल्या सगळ्या सुधारणा अशाच कराव्यात असे वाटू लागले.

आता घरात सकाळी कुणीतरी रांगत असेल आणि कुणीतरी 'शाब्बास' ओरडत असेल, तर ते शेजाऱ्यांपासून लपून राहत नाही. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर पेपर मागायच्या निमित्ताने आले. त्यांनी शिडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "कोन चुकलाय." मग रोज सकाळी येऊन ते आजची उंची किती, हे पट्टीने मोजून वहीत लिहू लागले. शिलाईवाल्या काकू आल्या त्या टेप घेऊनच. त्यांनी शिडी सोडून माझी कंबर मोजली आणि जिन्यात सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला. मी वाचले होते की कार्डावर 'एका वेळी एकच व्यक्ती' आहे. पहिल्या पंधरवड्याच्या शेवटी आमच्या हॉलमध्ये सकाळी सात माणसे असत, त्यांत व्यायाम करणारा एकटा मी आणि सल्ला देणारे उरलेले.

खरी पंचाईत वेगळीच झाली. एक दिवस ट्रेनरने चहाचा घोट घेतला आणि बायकोला म्हणाली, "काकू, काय अप्रतिम चहा केलाय! आणि कप किती छान धरून आणलात, एक थेंब सांडला नाही."

बायको कप धरून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत?"

मी ऐकले होते. त्यानंतर दोन दिवस ते मला वेगवेगळ्या प्रकारे ऐकायला मिळाले. "अठ्ठावीस वर्षं चहा करतेय मी. हिला एका घोटात कळलं." तिसऱ्या दिवशी बायको आंघोळ करून, केस बांधून साडेसहाच्या आत हॉलमध्ये हजर. म्हणे, "मी नुसती बसते." पण बसताबसता ती पाठ ताठ करायची, आणि ट्रेनर म्हणायची, "काकू, काय बसताय तुम्ही!" मग मास्तरांचीही पाठ ताठ होऊ लागली. शिलाईवाल्या काकूंनी सुईत दोरा ओवून दाखवला. मला तर वाटते, आमच्या इमारतीत पाण्याइतकीच कौतुकाचीही टंचाई होती आणि त्याची तक्रार घेणारी खिडकीच नव्हती.

शिडीबरोबर जिनाही होताच. आमची लिफ्ट बंद होती. ट्रेनरने सांगितले की रोज सकाळी तळमजला ते गच्ची पाच फेऱ्या, तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर वजन घेऊन. वजन म्हणून मी दोन विटा घेतल्या होत्या. काकूंनी ते पाहिले आणि हळहळल्या.

"अहो, विटा कशाला वाहता? जातच आहात वर, तर माझा हा कापडाचा गठ्ठा घ्या ना. तेवढाच व्यायाम."

ट्रेनर म्हणाली, "उत्तम! काका, हे खरं कामाचं वजन." झाले. दुसऱ्या दिवसापासून मी दूध, किराणा, पाण्याचे कॅन, काकूंची शिवणयंत्राची मुंडी आणि एकदा दुसऱ्या मजल्यावरची एक झोपलेली नात असे सगळे पोचवू लागलो. प्रत्येक दारात 'शाब्बास' मिळे, आणि मी हुरळून पुढच्या मजल्याकडे धावे. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली: 'चौथ्या मजल्यावरील सभासद रोज पाच फेऱ्या करीत असल्याने लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे.' खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिले होते, 'सातची फेरी काल दहा मिनिटे उशिरा होती.'

मी अपमान गिळला. पण गंमत अशी की पायऱ्या चढताना मला दम लागत नव्हता. चौथ्या आठवड्यात मी पाचही फेऱ्या करून वर शिट्टी वाजवत होतो. हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

आता अर्जाची गोष्ट. ट्रेनर म्हणाली की एकदा खऱ्या टाकीच्या शिडीवर, निदान दहा पायऱ्या, सराव करायला हवा. मी नियम काढून पाहिले. ड्यूटीव्यतिरिक्त टाकीच्या शिडीवर पाय ठेवायचा असेल तर लेखी परवानगी लागते, आणि परवानगी देणारा अधिकारी टाकी निरीक्षक. म्हणजे मीच. मी मला रीतसर अर्ज केला, आवक नोंदवहीत नोंदवला आणि दुपारी निरीक्षक या नात्याने विचारार्थ समोर घेतला. तेव्हा कलम सापडले: परवानगी देण्यापूर्वी निरीक्षकाने शिडी शेवटच्या पायरीपर्यंत प्रत्यक्ष चढून ती सुरक्षित असल्याची खात्री करावी. मी बराच वेळ दोन्ही बाजूंनी विचार केला. अर्जदाराविषयी मला सहानुभूती होती, त्याच्या घरची परिस्थितीही ठाऊक होती. पण नियम तो नियम. 'खेदपूर्वक नामंजूर' लिहून मी सही केली आणि त्याची एक प्रत मला पोस्टाने घरी आली. ती बायकोने उघडली आणि विचारले, "हा मेला कोण तुम्हाला नाही म्हणणारा?"

चाचणीआधी द्यायच्या वैद्यकीय दाखल्याची तऱ्हाही तीच. डॉक्टर म्हणाले, चढताना पाहिल्याशिवाय 'चढण्यास योग्य' असे कसे लिहू? आस्थापना विभाग म्हणाला, 'चढण्यास योग्य' लिहिल्याशिवाय चढू कसे देऊ? चार खेपा झाल्या. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "इथे वर कसे आलात?" मी म्हणालो, "जिन्याने." त्यांनी दाखल्यावर लिहिले, 'जिन्याने आला. धाप दिसली नाही.' आस्थापनेने तो घेतला.

इकडे घरातली शिडी टीपॉयवरून जेवणाच्या टेबलावर आणि टेबलावरून, पंधरा तारखेच्या आठ दिवस आधी, लोखंडी कपाटाच्या माथ्यावर टेकली. हॉल खच्चून भरला होता. मी चढलो. एक हात, एक पाय. ट्रेनर खालून म्हणत होती, "बघा, बघा काका कसे जातायत!" आणि मी चक्क कपाटावर पोचलो. छताला डोके टेकेल अशा बेताने बसलो. टाळ्या पडल्या. आनंदाच्या भरात मी सर्वांना हात केला, तो करताना पाय शिडीला लागला, आणि शिडी घसरून धाडकन आडवी झाली. पुन्हा तिच्या मूळ जागी.

मी खाली पाहिले आणि डोळे मिटले. शिडी परत लावली तरी मला उतरता येईना. पाच आठवडे आम्ही चढण्याचा सराव केला होता, उतरण्याचा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

मास्तर म्हणाले, "उडी मारा. आम्ही चादर धरतो." काकू म्हणाल्या, चादर फाटेल, माझे माप त्यांना ठाऊक आहे. सेक्रेटरींनी वर येऊन विचारले की सभासद किती वेळ वर राहणार आहेत, कारण छताला काही झाले तर लेखी हमी लागेल. मी कपाटावरच चहा घेतला. ऑफिसला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कारण विचारले तेव्हा "घरी अडकलोय" म्हणालो, ते काही खोटे नव्हते. बायको कमरेवर हात ठेवून माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी तिची नजर चुकवली. बिंग फुटले, ती घार आता उडाली, असे मला वाटले.

ट्रेनरने सगळ्यांना हात जोडून बाहेर काढले. बायकोलाही म्हणाली, "काकू, दहा मिनिटं." मग ती शिडी धरून खाली उभी राहिली आणि प्रथमच हसू न आणता बोलली.

"काका, चूक माझी. मी तुम्हाला फक्त वर जायला शिकवलं. आता ऐका. खाली बघायचं नाही. पायाला सांगायचं, पुढची पायरी शोध. पाय हुशार असतो, त्याला सापडते. एकच पायरी. बाकीच्या सदुसष्टांचा आपला काही संबंध नाही."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मी आहे ना. तुमचा पाय धरून पायरीवर ठेवते."

पहिल्या पायरीला अकरा मिनिटे लागली. दुसरीला चार. उरलेल्या आठ दिवसांत मी त्या कपाटावर चढउतार करत राहिलो. शेवटच्या दिवशी तर बायकोने मला वरच्या बॅगा काढून द्यायला सांगितले, आणि मी दिल्या.

पंधरा तारीख उजाडली. टाकीखाली सगळी वस्ती होती. मास्तर वही घेऊन, काकू टेप घेऊन, सेक्रेटरी कशाला ते माहीत नाही. नवे साहेब हातात छापील फॉर्म घेऊन एका बुटक्या टेबलाशी बसले होते. मी सुरक्षा पट्टा बांधला. तो पट्टा खात्यात आल्यापासून प्लॅस्टिकच्या वेष्टणातच होता. ट्रेनर माझ्यामागे शिडीकडे निघाली, तेव्हा साहेब म्हणाले, "शिडीवर एका वेळी एकच व्यक्ती."

"तसंच आहे सर," ती म्हणाली, "माझ्या कार्डावरही तेच आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जा काका. मी इथंच आहे."

मी चढू लागलो. पट्ट्याचा आकडा अडकवायचा, हात, पाय, आकडा काढायचा. दहाव्या पायरीपर्यंत तिचा आवाज स्पष्ट येत होता. तिसाव्यापर्यंत कानावर पडत होता. चाळिसाव्या पायरीला वारा सुटला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. मी शिडीला मिठी मारली, तीच ती, जिची सहा आठवडे भीती वाटत होती. मी डोळे मिटले. मग मनाशी म्हटले, बाबा रे, आता इथे शाब्बास म्हणायला दुसरे कोण येणार? आणि मोठ्याने म्हणालो, "वा, काय छान घाबरताय!" माझे मलाच हसू आले. हसताना हात सैल झाला, आणि तो आपोआप पुढच्या पायरीवर गेला. त्यानंतर मी प्रत्येक पायरीला स्वतःचे कौतुक करत गेलो. अडुसष्टावी आली तेव्हा कौतुकाचे शब्द संपले होते.

मी वर होतो! चारी बाजूंना छपरे, रस्ते, आणि मोठेच्या मोठे आकाश. वारा खरोखर सुटतो. माणसे खरोखर मुंगीएवढी दिसतात. मी सांगितलेले बरेचसे खरे निघाले याचा मला इतका आनंद झाला की मी लहान मुलासारखा ओरडलो. खालून टाळ्यांचा आवाज बारीक बारीक वर आला.

मग मी कामाला लागलो. टाकीच्या माथ्यावर माणूस उतरेल एवढे गोल भोक असते, त्यावर लोखंडी झाकण. दर अहवालात मी लिहीत आलो होतो, 'झाकण सुस्थितीत आहे.' तिथे झाकण नव्हते. बिजागरीचे गंजलेले दोन तुकडे होते, आणि खाली पाण्यात आकाश दिसत होते. पाण्यावर पाने, पिसे आणि एक फुटका चेंडू तरंगत होता.

मी कडेशी येऊन खाली पाहिले. होय, खाली पाहिले. साहेब ज्या गोल, बुटक्या टेबलावर फॉर्म ठेवून बसले होते, ते विटांवर ठेवलेले लोखंडी झाकण होते. एका कडेला बिजागरीचा उरलेला भाग. पहारेकऱ्याचे ते टेबल. त्याच्यावर चहाचा कप ठेवून मी बावीस वर्षे लिहीत आलो होतो की झाकण सुस्थितीत आहे. तसे ते सुस्थितीत होतेच म्हणा.

साहेबांनी कर्णा तोंडाला लावला. "झाकण कसं आहे?"

मी 'ठीक आहे' म्हणालो असतो तर कुणाला कळणार होते? पास झालो असतो. पण खाली मास्तर होते, काकू होत्या, त्यांची पोरेबाळे होती, आणि ही सगळी माणसे हेच पाणी पीत होती. घरीही आम्ही हेच पीत होतो. मी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"झाकण नाही! पाण्यात कचरा आहे! पुरवठा बंद करा!"

"कधीपासून नाही?"

"माहीत नाही! मी आज पहिल्यांदाच वर आलोय!"

वारा नेमका त्याच क्षणी पडला होता. शब्द न् शब्द खाली पोचला. पण काय सांगू, बोलून टाकल्यावर मला इतके हलके वाटले की उतरताना मी पायऱ्या मोजल्याच नाहीत.

खाली आल्यावर साहेब थंडपणे म्हणाले, "चढण्याच्या चाचणीत तुम्ही उत्तीर्ण. पहारेकरी, टाकी आजच धुवायला घ्या, आणि हे टेबल वर चढवा." मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. "बावीस वर्षं, वर्षाला दोन, म्हणजे चव्वेचाळीस अहवाल न चढता लिहिलेत. ते सगळे रद्द. प्रत्येक अहवालासाठी एकदा वर जायचं आणि नव्याने लिहायचा. दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी. आजचा पहिला धरू. पुन्हा खोटं लिहिलंत तर खिडकी." ट्रेनर त्यांच्यामागे उभी राहून दोन्ही अंगठे वर करत होती. मास्तरांनी वहीत 'त्रेचाळीस बाकी' असे लिहून घेतले. काकू मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे तीन दिवस बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होते.

बायको गर्दीत कुठे दिसेना. ती पुढे निघाली होती. मी पट्टा सोडून धावत तिला गाठले. दम लागला नाही. मी म्हणालो, "ती घार पण खोटी होती."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"बावीस वर्षं कपडे कोण धुतंय तुमचे?" ती चालता चालता म्हणाली. "लोखंडी शिडीवर चढून यायचात म्हणे, आणि पॅन्टला कधी एक गंजाचा डाग नाही. पहिल्याच वर्षी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"गोष्टी छान सांगायचात. घार तर फारच छान होती." ती थांबली. माझ्या गुडघ्यांकडे तिने पाहिले. दोन्ही गुडघ्यांवर, मांड्यांवर, शर्टाच्या पोटावर तांबडे लाल डाग होते. तिने एका डागावरून बोट फिरवले, बोट लाल झाले, आणि तिने तोंड फिरवून घेतले. मग म्हणाली, "आता त्रेचाळीस वेळा हे असं होणार. तुमचे तुम्ही धुवायचे."

तेव्हापासून दर रविवारी मी टाकीवरून येतो आणि मोरीत बसून पॅन्ट घासतो. गंज काही केल्या निघत नाही. बायको दारात चहा घेऊन उभी राहते आणि विचारते की आज वरून काय काय दिसलं. मी दिसले तेवढेच सांगतो. ते मजेदार नसले तरी ती शेवटपर्यंत ऐकते. आणि मी घासत राहतो, पण फार जोर लावून नाही.